तीन रेघांच्या खाली

आळेफाटा,
१२ ऑक्टोबर २००६

प्रिय समू,

…पण तो मेल बोल्ड नव्हता, मी तेच सांगत होते. परवा फोनवर एवढं एकच वाक्य नीट बोलायचं होतं, तेवढ्यात तुझ्या पीजीच्या मावशी मागून ओरडल्या, 'फोन अडवू नका गं पोरींनो,' आणि तू 'नंतर बोलू' म्हणून ठेवून दिलास. नंतर म्हणजे कधी, ते काही कळलं नाही. म्हणून कागदावर लिहितेय. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल करता आला असता, पण ऑफिसचे मेल कोण कोण वाचतं हे आपल्याला कुठे माहितीये? आधी इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं होतं. दोन ओळींतच ते वकिलाच्या नोटिशीसारखं वाटायला लागलं, म्हणून फाडलं. मराठीत माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्या तू नेहमीसारख्या लाल पेनने काढ. पण आधी शेवटपर्यंत वाच.

तर बोल्ड. आपण दोघींनी मिळून एकच मेल आयडी काढला होता, नारायणगावला सुदर्शनदादाच्या कॅफेत. दोन आयडी म्हणजे दोनदा लॉगिन, आणि तिथलं कनेक्शन एका लॉगिनलाच दहा मिनिटं खायचं. सुदर्शनदादा म्हणाला पण होता, 'एका ताटात जेवताय ते ठीक आहे, उद्या एका ब्रशने दात घासाल.' आपण किती हसलो होतो. न वाचलेला मेल जाड अक्षरात दिसतो आणि कोणी एकदा उघडला की साधा होतो, हे आपल्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गेल्या महिन्यात मी तिथे बसून जुने मेल उपसत होते, तेव्हा चार एप्रिलचा एक मेल सापडला. मी मार्चमध्ये, काटा कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या ड्रायव्हर-प्रोग्रॅममधली दुरुस्ती म्हणून, पॅच पाठवला होता ना, त्याचं उत्तर, तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मेंटेनरकडून. मी ते पहिल्यांदाच बघत होते. आणि ते साध्या अक्षरात होतं. पॅच पाठवल्यावर दोन आठवडे मी जमेल तेव्हा जाऊन बघितलं, काही आलं नाही. मग मम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं, मी घर आणि पप्पांचा वजनकाटा सांभाळत बसले आणि नारायणगावला जाणंच थांबलं. आपला पासवर्ड जगात दोघींनाच माहितीये. मी तो मेल उघडला नव्हता. मग कोणी उघडला?

मी जुने मेल का उपसत होते, ते तुला अजून धड सांगितलेलं नाही. एकवीस सप्टेंबरला पुण्यात माझा इंटरव्ह्यू होता. तुला कळवलं नव्हतं, नोकरी मिळाली की एकदमच तुझ्या ऑफिससमोर येऊन उभी राहणार होते. बायोडेटामध्ये बाकी काय असणार माझ्या, तर एकच ओळ ठसठशीत होती, की लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, माझा पॅच गेलेला आहे. समोरच्या मॅडमनी ती ओळ वाचली आणि खूश होऊन म्हणाल्या, चला, बघूया. मॉनिटर माझ्याकडे फिरवला, ड्रायव्हरचं नाव टाईप केलं, आणि तो बदल स्क्रीनवर आला. ऑथरच्या जागी तुझं नाव. खाली सही केल्याची ओळ असते, तिथे पण तुझंच. माझं कुठेच नाही. मॅडमनी विचारलं, 'हे नाव तुमचं आहे?' मी म्हटलं, नाही. 'मग काम तुमचं आहे?' मी म्हटलं, हो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना, समू, की मला काट्यावर येणारे लोक आठवले, पावती हातात घेऊन पप्पांकडे बघणारे.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, समजा टोमॅटो मार्केटला एक माणूस उभा आहे. त्याच्याकडे सेकंदाला दहा टोमॅटो येतात, एकेक करून. तो प्रत्येक टोमॅटोसाठी गोडाउनला जातो, रिकामं कॅरेट मागतो, त्यात तो एक टोमॅटो ठेवतो, पुढच्या माणसाला देतो आणि कॅरेट गोडाउनला परत करतो. लगेच दुसरा टोमॅटो, परत गोडाउन. दिवसभर हेच. आणि ज्या क्षणी गोडाउनवाला म्हणतो आत्ता कॅरेट नाही, त्या क्षणी तो हातातला टोमॅटो तिथेच टाकून देतो, कोणाला न सांगता. आमचा ड्रायव्हर तसा होता. काट्याकडून वजन आलं की दर वेळी कर्नलकडे नवीन मेमरी मागायची, वजन वर पोचवायचं, मेमरी परत द्यायची. मिळाली नाही तर वजन गिळून टाकायचं. मॅडम अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, 'तुम्हाला कोड कळतो याची मला शंका नाही. माझी शंका वेगळी आहे.' त्यांनी हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. आज माझी नोकरी तर अडकलीच आहे, पण त्याहून वाईट म्हणजे पुण्यातल्या एका ऑफिसात मी दुसरीचं काम स्वतःच्या नावावर खपवणारी मुलगी म्हणून बसले आहे.

घरी येताना एसटीत मी पूर्ण वेळ एकच गोष्ट आठवत होते, जानेवारीतला आपला काटा. तुला आठवतंय ना, त्या वेळी पप्पा किती खचले होते? वीज पडून कॉम्प्युटरचा जुना पोर्ट जळला होता आणि आपण यूएसबीची वायर लावून काट्याचा आकडे दाखवणारा डबा त्या जुन्या चौसष्ट एमबीच्या मशीनला जोडला होता. व्हायरसने विंडोज खाल्लं होतं म्हणून लिनक्स आपणच टाकलेलं. आणि मग पावतीवर मधूनच मागच्या गाडीचं वजन यायला लागलं. पहिल्यांदा आलं ते मढच्या गेणभाऊंच्या पिकअपला. हिरड्याची पोती होती आणि पावतीवर चौदा टन, कारण आधी कांद्याचा ट्रक गेला होता. गेणभाऊ पावती डोक्यावर धरून नाचले होते, 'ओ शेठ, चौदा टन हिरडा? समदा सह्याद्री झोडपून आणलाय का मी?' सगळा फाटा हसला. पप्पा पण हसले. पण चार दिवसांनी तुझ्या पप्पांच्या, भिमाजीकाकांच्या, कांद्याचं वजन कमी भरलं, आणि तेव्हा कोणी हसलं नाही. काका आवाज न चढवता म्हणाले होते, 'शेठ, मी काय बोलत न्हाई. पन तुमचा काटाच बोलायला लागलाय.' दुसऱ्या दिवशी आळ्याचे तीन टेंपो आपल्या समोरून दुसऱ्या काट्यावर गेले. शेठ काटा मारतो, असं कोणीतरी बोललं म्हणे. पप्पा रात्रभर जागे राहिले वगैरे काही नाही, ते फक्त प्रत्येक पावती दोन्ही हातांनी द्यायला लागले, देवाचा प्रसाद देतात तशी. मला ते बघवत नव्हतं.

आणि तू आलीस. स्वतःच्या वडलांचं वजन कमी भरलेलं असताना तू आमच्या काट्यावर येऊन बसलीस. शाळेची जुनी वही घेऊन तीन दिवस प्रत्येक गाडीचं लिहीत होतीस, डब्यावर काय दिसलं, पावतीवर काय आलं. एक्केचाळीस गाड्या, सहा चुकीच्या. आणि त्या सहाही वेळा आधीच्या गाडीची पावती अजून प्रिंटरमधून निघत होती. तूच म्हणालीस, 'सिद्धे, प्रिंट चालू असली की ह्याला काहीतरी कमी पडतंय.' मग मी ड्रायव्हरचा सोर्स उघडला आणि ती ओळ शोधली, जिथे तो दर वेळी मेमरी मागतो. मी ओरडले होते, केवढ्याने! काट्यावरचा टेंपोवाला घाबरून गाडी खाली घेऊन गेला. मी पाच ओळींत काम संपवलं. मेमरी मागायचीच नाही, फंक्शनच्या आतच, स्टॅक म्हणतात त्या हाताशी असलेल्या तयार मेमरीत, एक किलोबाइटची जागा ठेवायची. पावत्या सरळ यायला लागल्या. पप्पांनी तुझ्या पप्पांना बोलावून तोच टेंपो तीनदा काट्यावर चढवला, तीनदा पावती काढली, तेव्हा कुठे चहा झाला. फेब्रुवारीत तू पुण्याला टेस्टिंगच्या नोकरीला गेलीस आणि मार्चमध्ये मी तो पॅच जगाला पाठवून दिला.

आता जूनचं आठव. तू फोन केलास, 'लागला गं पॅच! पुढच्या व्हर्जनमध्ये येतोय.' मी किंचाळले. मी विचारलंच नाही कुठला पॅच, कोणाच्या नावाने. का विचारणार? पाठवला मी होता. त्याच आठवड्यात भिमाजीकाका काट्यावर आले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, 'शेठ, आमच्या समूचं नाव अमेरिकेच्या कॉम्प्युटरमधी छापलंय म्हनं.' पप्पा म्हणाले, 'आमच्या सिद्धीचं पण.' दोघांनी एकमेकांना पेढा भरवला. मी तिथेच उभी होते आणि मला वाटलं, बरं झालं, दोघींची नावं आहेत. आता तो पेढा आठवला की मला कळत नाही की हसू की काय करू. काकांना तू तुझं एकटीचं नाव सांगितलंस, समू. ते खोटं बोलणारे नाहीत, त्यांना जे सांगितलं तेच ते बोलले.

तेव्हापासून मी एकेक गोष्ट उलटी करून बघतेय. ऑगस्टमध्ये मी पुण्याला आले होते, म्हटलं, तुझ्या ऑफिसात पॅच दाखव ना स्क्रीनवर. तू म्हणालीस बाहेरच्यांना आत घेत नाहीत. खरं असेल. मग कॅफेत जाऊ म्हटलं तर म्हणालीस भूक लागलीये, आधी मिसळ खाऊ. ते पण खरं असेल. जुलैमध्ये तुला टेस्टिंगमधून काढून ड्रायव्हरवाल्या टीममध्ये घेतलं, पाच महिन्यांत, जिथे बाकीच्यांना तीन वर्षं लागतात असं तूच सांगायचीस. ते कशामुळे, हे तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी पण विचारलं नाही. आणि तुझं ते इंग्लिश. रागावू नको, पण कॉलेजभर तुझा प्रत्येक अर्ज मी लिहिलाय. त्या पॅचच्या वरचं वर्णन मी तीनदा वाचलं. एक 'the' चुकीच्या जागी नाही. कोणीतरी ते तपासून दिलं असणार. ज्याने तपासलं, त्याला माझं नाव माहीत होतं का? की तू म्हणालीस, माझंच आहे?

इंटरव्ह्यूनंतर मी कॅफेत गेले ती ह्यासाठीच. सगळी साखळी काढली. आपल्या आयडीवर माझा मार्चचा मेल, त्यावर चार एप्रिलचं उत्तर. मेंटेनरने लिहिलंय की तुझ्या वेबमेलने टॅबच्या जागी स्पेस घातल्यात, पॅच लागतच नाही. ते एक वेळ ठीक, कॅफेतून पाठवणाऱ्या सगळ्यांचं तेच होतं. पण पुढे लिहिलंय की कर्नलचा स्टॅक एवढासा असतो, त्यावर एक किलोबाइट कोणी ठेवत नाही, काही मशिनी ह्याने कोसळतील. डिव्हाइस जोडताना एकदाच मेमरी घे, काढताना सोड. कल्पना चांगली आहे, सुधारून पुन्हा पाठव. मला लिहिलंय ते, समू. सिद्धी असं नाव घेऊन. आणि दोन मे रोजी, तुझ्या ऑफिसच्या आयडीवरून, अगदी तसंच सुधारलेलं गेलं. एकदाच घ्यायचं, एकदाच सोडायचं. व्यवस्थित टॅब. सुंदर कोड आहे, हे मी शत्रूचा असता तरी म्हटलं असतं.

मी सुदर्शनदादाला दाखवलं. तो म्हणाला, 'सरळ चोरी आहे ही, त्या कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर लिही आत्ताच्या आत्ता, मी टायपिंगला बसतो.' मी बसवलं पण त्याला. तेवढ्यात म्हटलं, तुझा दोन मेचा मूळ मेल पण बघावा, लिस्टच्या आर्काइव्हमधला, कारण मॅडमनी जे दाखवलं ते कर्नलमध्ये जाऊन बसलेलं होतं, मूळ मेल नव्हता. तो उघडला. वर वर्णन, मग तुझी सही, मग तीन आडव्या रेघा, आणि त्याखाली, कोड सुरू व्हायच्या आधी, दोन ओळी. मराठीत सांगायचं तर, 'मूळ पॅच माझी मैत्रीण सिद्धी हिचा आहे. तिच्या वडलांच्या वजनकाट्यावर हा प्रॉब्लेम सापडला.' मी सुदर्शनदादाला खुर्चीतून उठवलं. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच रडले. तो बिचारा पंखा माझ्याकडे फिरवून बाहेर जाऊन उभा राहिला.

पण मग मला प्रश्न पडला, की मेलमध्ये आहे तर कर्नलमध्ये का नाही? त्या दोन ओळी गेल्या कुठे? मी पॅच पाठवायचे नियम परत उघडले. त्यात स्पष्ट लिहिलंय, समू. तीन रेघांच्या वर जे असतं ते कायमचं इतिहासात राहतं. तीन रेघांच्या खाली जे असतं ते फक्त मेल वाचणाऱ्यांसाठी, आणि पॅच लावताना टूल ते कापून टाकतं. म्हणजे ज्यांनी दोन मेला तो मेल उघडला त्या दहा-बारा लोकांनी माझं नाव वाचलं, आणि नंतर ते कायमचं गेलं. दोन ओळी वर असत्या तर आज मॅडमच्या स्क्रीनवर असत्या. आणि ह्या नियमांची प्रिंट आपल्याकडे होती. मी कॅफेतून काढलेली, अकरा पानं, तू पुण्याला जाताना बॅगेत घालून नेलेली. तुझी सवय मला माहितीये, तू वाचताना पेन्सिलने खुणा करतेस, औषधाच्या खोक्यातला सूचनांचा कागद पण तू पूर्ण वाचतेस. मग ही ओळ तू वाचली नाहीस? की वाचलीस, आणि तिथे लिहिलंस, म्हणजे लिहिलं पण आणि राहिलं पण नाही?

मागच्या गुरुवारी मी आपल्या आयडीचा पासवर्ड बदलला. तू उघडायला गेली असशील तर तुला कळलं असेल. बदलायच्या आधी मी तुझे मेल पण वाचले, सगळे, तुझ्या भावाचे सुद्धा. माझ्याबद्दल कुठे काही नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण मनात आलं, पुसले असतील. मी कुठपर्यंत पोचलेय बघ. पप्पांकडे पावती हातात घेऊन बघणारे लोक मला किती वाईट वाटायचे, आणि मी आता त्यांच्यातलीच झालेय. वजन बरोबर आलं तरी मी डब्याकडे बघते.

आता जे लिहायचं मी इतक्या पानांत टाळलं ते लिहिते. मॅडमना सांगितलेली ती कॅरेटची गोष्ट माझी नव्हती. जानेवारीत भिमाजीकाका कॅरेट उतरवत होते, आणि तू त्यांच्याकडे बघत म्हणाली होतीस, 'हे बघ, पप्पा काय दर टोमॅटोला कॅरेट आणतात का? सकाळी एकदा आणतात, संध्याकाळी परत देतात. ड्रायव्हरने पण वायर लावली की एकदा मेमरी घ्यावी आणि वायर काढली की सोडावी.' मी म्हटलं होतं, एवढा कोड कोण लिहीत बसणार, स्टॅकवर टाकते, पाच ओळींत होतंय. तू परत वहीकडे वळलीस. मेंटेनरने एप्रिलमध्ये जे सांगितलं ते तू जानेवारीत सांगितलं होतंस. म्हणजे मेमधला कोड तू त्याच्या उत्तरातून घेतला नसशील, तुझ्याकडे तो आधीपासूनच असेल. आणि अजून एक. मार्चमध्ये मी पॅच पाठवला तो आपल्या दोघींच्या आयडीवरून, पण आत नाव फक्त माझं होतं. तुझी वही, तुझ्या एक्केचाळीस गाड्या, तू पकडलेल्या सहा चुका, कशाचाच उल्लेख नाही. रेघांच्या वर नाही आणि खाली पण नाही. मी विसरले होते का? मी गेले तीन आठवडे स्वतःला विचारतेय आणि खरं सांगू, मला आठवतंय की कर्सर सहीच्या ओळीवर होता, तुझं नाव लिहू का असा विचार आला होता, आणि मी म्हटलं, इंग्लिश तर मी लिहिलंय, कोड पण मी लिहिलाय. मग सेंड दाबलं. तो मेल आपल्या सेंटमध्ये पडून होता. तू तो बघितला असणारच. कधी बघितलास? एप्रिलमध्ये, उत्तर उघडलंस तेव्हा? आणि तू मला काहीच बोलली नाहीस. म्हणून मला अजूनच भीती वाटते. तू तेव्हा रागाने मला एक फोन केला असतास तर ह्या पत्राची गरजच पडली नसती.

हे सगळं आजच लिहायचं कारण सोमवारी मॅडमचा मेल आला. त्यांना वीस तारखेपर्यंत माझ्याकडून सगळी हकीकत लेखी हवी आहे, आणि त्यांनी स्वच्छ सांगितलंय की तुझ्या टीमचे हेड त्यांच्या ओळखीचे आहेत, माझं लिहिलेलं त्या त्यांना पाठवून खरंखोटं करून घेणार आहेत. म्हणजे मी जे लिहीन ते तुझ्या टेबलावर पोचणार. मी लिहून ठेवलंय. तुझी वही, माझा स्टॅकवाला चुकीचा पॅच, कॅरेट, मार्चमध्ये मी तुझं नाव वगळलं ते, सगळं आहे त्यात, मला त्याने नोकरी नाही मिळाली तरी. फक्त एक वाक्य अर्धं राहिलंय. 'समृद्धीने माझं नाव तीन रेघांच्या खाली लिहिलं, तेव्हा ते पुसलं जाणार आहे हे तिला', आणि पुढे कोरं. माहीत होतं लिहिलं तर तुझी नोकरी जाईल. माहीत नव्हतं लिहिलं तर ते मला ठाऊक नसताना लिहिल्यासारखं होईल, आणि मी आधीच एकदा ठाऊक नसलेलं बायोडेटात लिहून बसलेय. वाक्यच काढून टाकलं तर तुझे हेड स्वतः ते नियम उघडून वाचतील आणि हवं ते समजतील. हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळेल, म्हणजे आपल्याकडे सहा दिवस आहेत. मी फोनजवळ बसेन. पण तू जे सांगशील ते मी खरं मानून तिथे लिहावं, की आपण दोघींनी एकमेकींना न सांगता जे केलं ते बघता तुझ्या सांगण्यावर न जाता मला जे वाटतं तेच लिहावं, तुझं मत काय आहे, समू?

अजून तरी तुझीच,
सिद्धी